अपघातग्रस्त कुत्र्यांसाठी भौतिकोपचार : शिक्षण आणि घरची निगा

गाय, बैल, शेळी आणि कोंबडी यांच्या आरोग्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. मात्र रात्रभर खळ्याची, कांदाचाळीची, गोठ्याची आणि मेंढ्यांच्या वाड्याची राखण करणाऱ्या कुत्र्याविषयी फारच थोडे वाचावयास मिळते. कुत्रा गाईसारखा रोज पैसे मिळवून देत नाही हे खरे. परंतु मक्यात रानडुकरांचा कळप शिरला, किंवा मेंढ्यांवर लांडगा आला, म्हणजे चांगल्या राखणदाराची किंमत कळते. असा कुत्रा रस्त्यावर वाहनाखाली सापडतो, विहिरीत पडतो किंवा डुकराशी झुंजताना त्याचा पाय मोडतो. पशुवैद्यक हाड सांधून देतात, महिना-दीड महिन्याने प्लॅस्टर निघते आणि तरीही कुत्रा तीन पायांवरच चालत राहतो. 'हाड जुळले, पण पाय गेला' अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते.

वास्तविक पाहता, अशा अनेक प्रकरणांत पाय हाडामुळे जात नाही. हाड जुळेपर्यंत पायाचा वापर बंद राहतो आणि त्यामुळे तो जातो. हा वापर योग्य वेळी, योग्य प्रमाणात पुन्हा सुरू करून देण्याचे जे शास्त्र आहे त्यास भौतिकोपचार किंवा व्यायामोपचार म्हणतात. माणसांसाठी ते आपल्या परिचयाचे आहे. कुत्र्यांसाठी त्याचे स्वतंत्र शिक्षण गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत उभे राहिले आहे. हे शिक्षण काय आहे, ते कोणास घेता येते आणि त्यातील कोणत्या गोष्टी शेतकऱ्याने पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घरी कराव्यात, याची माहिती या लेखात दिली आहे. प्रस्तुत लेखक कृषिविद्येचा अध्यापक आहे, पशुवैद्य नाही. त्यामुळे या लेखात एकाही औषधाची मात्रा दिलेली नाही, आणि वाचकांनी ती लेखकास विचारूही नये.

वापर थांबला की पाय का निकामी होतो ?

निरोगी कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढील दोन पायांवर आणि ४० टक्के मागील दोन पायांवर असतो. म्हणजे २५ किलो वजनाच्या कुत्र्यात पुढील प्रत्येक पायावर सुमारे साडेसात किलो आणि मागील प्रत्येक पायावर सुमारे पाच किलो भार येतो. मागील एक पाय उचलून धरला तर हा पाच किलोचा भार उरलेल्या तीन पायांवर वाटला जातो. कुत्र्याला तीन पायांवर धावणेही सहज जमते. त्यामुळे चौथा पाय टेकण्याची त्याला गरजच वाटत नाही. इथेच खरी अडचण सुरू होते.

न वापरलेल्या पायाचे स्नायू पहिल्या दोन आठवड्यांतच हाताला लागण्याइतके झडतात. ते परत भरण्यास मात्र झडण्यापेक्षा कितीतरी अधिक काळ लागतो. सांध्यातील कूर्चेचे त्याहूनही वेगळे आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून तिचे पोषण होते, आणि सांध्यावर भार पडून तो सुटला म्हणजे स्पंजाप्रमाणे हा द्रव आत-बाहेर होतो. सांधा हलला नाही तर कूर्चा उपाशी राहते. सांध्याभोवतीचे आवरण आखडते आणि मग हाड कितीही उत्तम जुळले असले तरी पाय वाकत नाही.

याचे सर्वांत वाईट उदाहरण लहान पिलांत दिसते आणि ते प्रत्येक पाळणाऱ्याने लक्षात ठेवावे. तीन-चार महिन्यांच्या पिलाच्या मांडीचे हाड गुडघ्याजवळ मोडले आणि कोणी पाय सरळ ताणून त्यास कामट्या बांधल्या, तर मांडीचा पुढील मोठा स्नायू मोडलेल्या हाडास चिकटून बसतो. काही आठवड्यांत पाय लाकडासारखा ताठ होतो. गुडघाही वाकत नाही आणि घोटाही. एकदा ही स्थिती पक्की झाली की शस्त्रक्रिया करूनही पाय पूर्ववत होण्याची आशा फार थोडी असते. प्रसंगी पाय कापावा लागतो. म्हणून मांडीच्या किंवा दंडाच्या मोडीवर गावच्या हाडवैद्याकडून कामट्या किंवा फळी बांधून घेऊ नये. मोडीच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर झाले तरच बाहेरून बांधलेल्या प्लॅस्टरचा उपयोग होतो. मांडीच्या मोडीत वरचा सांधा म्हणजे खुबा, आणि तो प्लॅस्टरमध्ये येतच नाही. नडगी किंवा पुढील पायाच्या कोपराखालील मोडीस प्लॅस्टर चालते. मांडीस बहुधा आतून सळई किंवा पट्टी बसवावी लागते. यासाठी क्ष-किरणाची व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा पशुवैद्यक महाविद्यालयाच्या चिकित्सालयात कुत्र्यास न्यावे. पिलाचे हाड ३ ते ४ आठवड्यांत जुळू लागते, तर प्रौढ कुत्र्यास ८ ते १२ आठवडे लागतात. पिलाच्या बाबतीत 'पुढच्या बाजारी जाऊ तेव्हा दाखवू' असे केल्यास वेळ निघून गेलेली असते.

हे शिक्षण कोठे उभे राहिले ?

घोडा आणि माणूस यांच्यावरील व्यायामोपचार जुने आहेत. कुत्र्यांसाठी पद्धतशीर शिक्षणाची सुरुवात प्रामुख्याने अमेरिकेत झाली. सन १९९९ मध्ये ओरेगॉन राज्यातील कोर्व्हॅलिस येथे पशुवैद्यकातील भौतिकोपचारावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. टेनेसी विद्यापीठात डॅरिल मिलिस हे पशुशल्यचिकित्सक आणि डेव्हिड लेव्हिन हे माणसांचे भौतिकोपचारतज्ज्ञ यांनी एकत्र येऊन कुत्र्यांच्या पुनर्वसनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम उभा केला. त्यांनी संपादित केलेला पाठ्यग्रंथ २००४ मध्ये निघाला व २०१४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. फ्लोरिडा राज्यात जॅनेट व्हॅन डाइक यांनी स्थापन केलेली संस्थाही असेच प्रशिक्षण देते. सन २०१० मध्ये अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेने क्रीडावैद्यक व पुनर्वसन ही स्वतंत्र विशेषज्ञ शाखा म्हणून मान्य केली. तीत घोडा आणि कुत्रा असे दोन विभाग असून पशुवैद्यकास पदवीनंतर तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते.

यातील एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. हा अभ्यासक्रम दोन वेगळ्या विद्याशाखांतील माणसांनी मिळून घडविला. पशुवैद्यकास रोग कळतो, पण व्यायामाची मात्रा ठरविण्याचा त्यास सराव नसतो. माणसांच्या भौतिकोपचारतज्ज्ञास व्यायाम कळतो, पण त्यास कुत्र्याचे शरीर नवीन असते. म्हणून टेनेसीच्या अभ्यासक्रमास पशुवैद्यक, पशुवैद्यकीय परिचारक, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि त्यांचे सहायक अशा सर्वांना प्रवेश आहे. परंतु मुळात यांपैकी एक पात्रता अंगी असावी लागते. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही त्याला ही दारे उघडी नाहीत, आणि ते योग्यच आहे.

अभ्यासक्रमात काय शिकवितात ?

सुरुवात चाल पाहण्यापासून होते. कुत्र्यास दोरीने सरळ रेषेत हळू चालवून पुढून, मागून व बाजूने पाहतात. पुढील पाय दुखत असल्यास दुखरा पाय जमिनीवर टेकताना कुत्रा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोके खाली येते. मागील पाय दुखत असल्यास दुखऱ्या बाजूचा खुबा चालताना अधिक वर-खाली होतो. हे निरीक्षण बैल आणि घोड्यासही लागू पडते, त्यामुळे बाजारात बैल घेताना देखील उपयोगी आहे. डोळ्यांनी ठरत नसेल तर हल्लीच्या मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करून पाहावे. पशुवैद्यकांनाही असे चित्रण दाखविल्यास निदानास मदत होते, कारण दवाखान्यात भेदरलेला कुत्रा बऱ्याच वेळा लंगडण्याचे विसरतो.

त्यानंतर मोजमाप येते. सांधा किती अंश वाकतो आणि किती अंश उघडतो हे कोनमापकाने मोजतात. निरोगी लॅब्राडोर कुत्र्याचा मागील गुडघा वाकविल्यावर सुमारे ४० अंशांपर्यंत येतो आणि सरळ केल्यावर सुमारे १६० अंशांपर्यंत उघडतो. मांडीचा घेर फितीने मोजून दोन्ही पायांतील फरक लिहून ठेवतात. मोजल्याशिवाय 'सुधारणा आहे' असे म्हणण्याची तेथे मुभा नाही. आम्ही शेतात रोपांची उंची आणि फुटवे मोजल्याशिवाय एका वाणास दुसऱ्यापेक्षा चांगला म्हणत नाही, तसेच हे आहे.

पुढे व्यायामाचे प्रकार, शेक, मालिश, विद्युत्-उत्तेजन, ध्वनिलहरी आणि लेसर यांचा अभ्यास असतो. ध्वनिलहरींच्या यंत्राबाबत असे शिकविले जाते की १ मेगाहर्ट्झची लहर सुमारे २ ते ५ सेंटिमीटर खोल जाते, तर ३.३ मेगाहर्ट्झची लहर वरच्या १ ते २ सेंटिमीटरपर्यंतच पोचते. केसांमुळे लहरी अडतात, म्हणून तेथील केस कापावे लागतात. वाढत्या पिलाच्या हाडांच्या टोकांवर आणि गाठीवर हे यंत्र चालवू नये. अशा बारकाव्यांमुळेच यंत्र विकत घेतले म्हणजे उपचार आला असे होत नाही.

या शाखेचे सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे पाण्याखालील चालपट्टा. काचेच्या हौदात फिरता पट्टा असतो व त्यावर कुत्र्यास चालवितात. पाण्याने शरीराचा भार किती हलका होतो याचे मोजमाप झालेले आहे. पाणी घोट्यापर्यंत असल्यास पायांवर मूळ वजनाच्या ९१ टक्के भार राहतो, गुडघ्यापर्यंत असल्यास ८५ टक्के आणि खुब्यापर्यंत असल्यास केवळ ३८ टक्के. म्हणजे २५ किलोच्या कुत्र्यास गुडघाभर पाण्यात अजून सुमारे २१ किलो पेलावे लागतात, परंतु खुब्याइतक्या पाण्यात साडेनऊ किलोच. यावरून लक्षात येईल की ओढ्याच्या उथळ पाण्यात कुत्र्यास उभे केल्याने भार फारसा कमी होत नाही. गुडघा आणि खुबा यांमधील वीतभर पाण्यातच खरा फरक पडतो.

शेवटी प्रत्यक्ष रुग्णांवर सराव, ठरावीक तास केंद्रावर काम, रुग्णवृत्तान्त लिहिणे आणि परीक्षा असा क्रम असतो. रुग्णही तऱ्हेतऱ्हेचे असतात: गुडघ्यातील अस्थिबंध तुटलेला वजनदार कुत्रा, खुब्याच्या सांध्यात जन्मजात दोष असलेला जर्मन शेफर्ड, मणक्यांमधील चकती सरकून मागचे अंग लुळे झालेला डॅक्सहुंड.

आपल्याकडील तरुणांनी काय करावे ?

विद्यार्थ्यांबरोबर ग्रामीण कार्यानुभवाच्या निमित्ताने खेड्यांवर जाणे होते, तेव्हा बारावी झालेली मुले हमखास विचारतात, 'सर, कुत्र्यांच्या फिजिओथेरपीचा कोर्स केला तर शहरात चालेल का ?' मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पाळीव कुत्र्यांची संख्या मोठी आहे आणि या उपचारांना मागणी आहे, यात शंका नाही. परंतु चार-आठ दिवसांत 'तज्ज्ञ' करून देण्याच्या जाहिरातींस भुलू नये. असे माझे स्पष्ट मत आहे.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार जनावरांची वैद्यकी करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकासच आहे. पदविका किंवा प्रमाणपत्रधारकास शासनाने ठरवून दिलेल्या किरकोळ सेवा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व मार्गदर्शनाखाली देता येतात. म्हणजे परदेशी किंवा देशी कोणतेही लहान प्रमाणपत्र मिळाले, तरी निदान करण्याचा आणि औषध देण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. इंग्लंडमध्येही भौतिकोपचारतज्ज्ञाने जनावरावर उपचार करावयाचे, ते पशुवैद्यकाने तपासून सांगितल्यावरच.

म्हणून ज्याला या क्षेत्रात पाय रोवून उभे राहावयाचे आहे त्याने पशुवैद्यक पदवीचा मार्ग धरावा. ही पदवी एक वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची असून प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर होतो. महाराष्ट्रात हे शिक्षण नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अंतर्गत दिले जाते. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे त्याची पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. मुंबईचे महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झालेले आहे. पदवीनंतर शल्यचिकित्सा व क्ष-किरणशास्त्र या विषयात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घ्यावी आणि मग पुनर्वसनाचे विशेष प्रशिक्षण घ्यावे. वाट लांब आहे, मान्य. पण कुत्रा मालकाला सांगू शकत नाही की व्यायामाने बरे वाटते आहे की मोडलेले हाड पुन्हा सरकते आहे. ते ओळखणारा माणूस अर्धवट शिकलेला असून चालणार नाही.

ज्यांचे शिक्षण माणसांच्या भौतिकोपचारात झाले आहे त्यांनी एखाद्या पशुवैद्यकाबरोबर, त्यांच्या दवाखान्यात, त्यांच्या सांगण्यानुसार काम करणे हा दुसरा मार्ग आहे.

हात लावण्यापूर्वी : पिसाळ रोगाची शंका

घरी करावयाच्या व्यायामाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सर्वांआधी तपासावी. कुत्र्यास अपघात झाल्याचे कोणी पाहिले नाही आणि तो एकाएकी मागील अंगाने लुळा पडला, तर तो व्यायामाचा रुग्ण आहे असे धरून चालू नये. पिसाळ रोग म्हणजे नेहमी कुत्रा चावत सुटणे असा आपला समज आहे. परंतु या रोगाच्या मुक्या प्रकारात कुत्रा चावत नाही. तो कोपऱ्यात पडून राहतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, गिळता येत नाही आणि मागील पाय लुळे पडतात. 'घशात हाड अडकले असेल' म्हणून मालक तोंडात हात घालतो आणि स्वतःचा जीव धोक्यात आणतो. अशा कुत्र्यास कोणीही हात न लावता कोंडून ठेवावे व पशुवैद्यकास बोलवावे. लाळ जखमेस किंवा ओरखड्यास लागली असल्यास वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी. हा रोग एकदा दिसू लागला की माणसास वाचविण्याचा भरवशाचा उपाय नाही.

कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या कुत्र्यासही लाळ सुटते, थरथर होते आणि पाय जातात. दोहोंतील फरक घरी ठरविण्याच्या भानगडीत पडू नये. फवारणीचा डबा किंवा त्यावरील लेबल मात्र पशुवैद्यकास अवश्य दाखवावे. राखणीच्या कुत्र्यास तीन महिन्यांच्या वयापासून पिसाळ रोगाची लस दरवर्षी टोचून घेतली असेल, तर पुढची निगा निर्धास्तपणे करता येते.

घरी करावयाचे व्यायाम

खाली दिलेले व्यायाम पशुवैद्यकाने 'आता पाय हलविण्यास हरकत नाही' असे सांगितल्यानंतरच सुरू करावेत. दुखऱ्या पायास हात लावताना घरचा इमानी कुत्राही चावतो. म्हणून सुरुवातीचे काही दिवस तोंडास मऊ फडक्याची पट्टी बांधावी, मात्र उन्हात किंवा धापा टाकत असताना बांधू नये. कुत्रा धापेवाटेच अंगातील उष्णता बाहेर टाकतो.

दुखापतीनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन-तीन दिवस सूज असते. या काळात फडक्यात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावावा. गरम विटेचा किंवा रुईच्या पानांचा शेक या काळात देऊ नये, त्याने सूज वाढते. सूज उतरल्यानंतर मात्र व्यायामापूर्वी कोमट ओल्या फडक्याने १० मिनिटे शेकल्यास सांधा सैल होतो. शेक आपल्या मनगटास सोसेल इतकाच गरम असावा.

सांधे हलविण्यासाठी कुत्र्यास चांगल्या कुशीवर गोणपाटाच्या घडीवर निजवावे. एका हाताने सांध्याच्या वर आणि दुसऱ्या हाताने सांध्याच्या खाली धरून प्रथम बोटे, मग घोटा, गुडघा आणि शेवटी खुबा असा एकेक सांधा सावकाश वाकवावा व उघडावा. प्रत्येक सांध्यास १० ते १५ वेळा, दिवसातून दोन-तीनदा पुरे. कुत्र्याने मान वळवून पाहिले, ओठ चाटले किंवा पाय ओढला की तेथेच थांबावे. ती त्या दिवसाची मर्यादा समजावी. जोर लावून सांधा 'मोकळा' करण्याची घाई अनेकांना असते. जोर लावल्याने सांध्याभोवती आतून फाटते, पुन्हा सूज येते आणि दुसऱ्या दिवशी सांधा अधिक आखडलेला मिळतो.

त्यानंतर चालणे. येथे सर्वांत जास्त चूक होते. कुत्र्यास मोकळे सोडले की तो धावतो, आणि धावताना तीन पाय पुरतात. हळू चालताना मात्र त्याला चौथा पाय टेकावाच लागतो. म्हणून आखूड दोरी धरून अगदी सावकाश, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने, ५ मिनिटे दिवसातून दोन-तीन वेळा चालवावे व दर आठवड्यास ५ मिनिटे वाढवावीत. मागील अंग तोलता येत नसेल तर जुन्या बारदानाची रुंद पट्टी पोटाखालून, मागील पायांच्या पुढून घेऊन दोन्ही टोके वर हातात धरावीत. नर कुत्र्यास लघवी करता येईल इतकी जागा सोडावी. शहाबादी फरशीवर पाय घसरतात. मातीचे अंगण उत्तम. नांगरलेल्या रानात पहिले महिना-दीड महिना नेऊ नये.

पाय नियमित टेकू लागल्यावर उठबस करवावी. भाकरीचा तुकडा दाखवून बसवावे आणि उठवावे. सुरुवातीस चार-पाच वेळा आणि हळूहळू दहापर्यंत. बसताना दुखरा पाय बाजूला फाकवून बसत असेल तर भिंतीच्या कोपऱ्यात, तो पाय भिंतीकडे ठेवून बसवावे, म्हणजे फाकवता येत नाही. ठिबकचे जुने पाईप किंवा बांबू पाच-सहा घेऊन कुत्र्याच्या एका पावलाच्या अंतराने जमिनीवर आडवे ठेवावेत आणि त्यावरून सावकाश न्यावे. आठवडाभराने ते चार बोटे उंच करावेत. प्रत्येक पाय वाकवून उचलल्याशिवाय ओलांडता येत नाही, हाच त्यातील व्यायाम. बांधाचा हलका चढ चढविल्याने मागील पायांवर भार वाढतो, उतारावर तो पुढील पायांवर जातो. दुखरा पाय कोणता आहे ते पाहून चढ-उतार निवडावा.

पाण्यातील व्यायामासाठी अनेकांच्या मनात शेततळ्याचा विचार येईल. प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यात कुत्र्यास कदापि सोडू नये. अस्तर निसरडे असते. धडधाकट कुत्र्यासही वर येता येत नाही आणि तो बुडतो. त्यापेक्षा गोठ्याजवळील सिमेंटच्या हौदात खुब्याइतके पाणी घेऊन, पट्टीने धरून, दोन-तीन मिनिटे पाय हलवू द्यावेत. टाके काढलेली जखम पूर्ण भरलेली असावी.

आठवड्यातून एकदा शिंप्याच्या फितीने दोन्ही मांड्यांचा घेर एकाच जागी मोजून वहीत लिहावा. तेथील चार केस कापून खूण केल्यास जागा चुकत नाही. दोन सारखे वजनकाटे मिळाले तर मागील एकेक पाय एकेका काट्यावर ठेवून उभे करावे आणि पुढील पायांखाली त्याच उंचीची फळी द्यावी. दोन्ही काट्यांचे आकडे जसजसे जवळ येतील तसतसा पाय कामाला लागतो आहे असे समजावे.

दुखणे कमी व्हावे म्हणून घरातील माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात व मूत्रपिंडे निकामी होतात. पॅरासिटामॉलही आपल्या मनाने देऊ नये. डायक्लोफिनॅक दिलेली मेलेली जनावरे खाऊन गिधाडे नाहीशी झाली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तरीही दुकानातून हे औषध आणून गुरांना देण्याची सवय काही ठिकाणी गेलेली नाही.

उठू न शकणारा कुत्रा

कंबरेचा मणका दुखावून मागील अंग लुळे पडलेल्या कुत्र्याची निगा सर्वांत कष्टाची आहे. जाड गवताचे अंथरूण करून त्यावर कोरडे गोणपाट टाकावे आणि दर चार तासांनी कूस बदलावी, रात्री सुद्धा. तसे न केल्यास खुबा आणि कोपर यांवर चट्टे पडून त्यात अळ्या होतात. लघवी थेंबथेंब गळत असेल तर 'लघवी होते आहे' असे समजू नये. बहुधा मूत्राशय तुडुंब भरून वाहत असते. पोटावर हलका दाब देऊन ते रिकामे कसे करावे हे पशुवैद्यकाकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावे व दिवसातून तीन-चार वेळा करावे.

पाय चिमटल्यावर कुत्र्याने तो मागे ओढला म्हणजे संवेदना शाबूत आहे, असे मालक आनंदाने सांगतात. दुर्दैवाने तसे नसते. पाय ओढण्याची क्रिया मेंदूपर्यंत खबर न जाताही होते. कुत्र्याने मान वळवून पाहिले, तो कण्हला किंवा चावण्यास आला तरच दुखणे वरपर्यंत पोचले असे धरतात. ही खोल संवेदना शिल्लक असलेला कुत्रा काही आठवड्यांच्या व्यायामाने पुन्हा चालण्याची चांगली आशा असते. ती गेली असेल तर आशा कमी, आणि शस्त्रक्रिया करावयाची झाल्यास तासा-दिवसांचाही हिशेब असतो. म्हणून पहिल्याच दिवशी कुत्र्यास फळीवर निजवून, पाठ न वाकविता, पशुवैद्यकाकडे न्यावे.

चालणे परत येणार नाही असे ठरल्यास मागील अंगासाठी दोनचाकी गाडा वापरता येतो. हलक्या नळ्या, लहान मुलांच्या सायकलीची चाके आणि रुंद पट्टे घेऊन तालुक्याचा फॅब्रिकेशनवाला तो बनवून देऊ शकतो. लांबी, खुब्याची रुंदी व जमिनीपासूनची उंची कुत्रा आधाराने उभा करून मोजावी. सुरुवातीस १० मिनिटे, पुढे अर्धा तास गाड्यास जुंपावे. रात्रभर त्यात ठेवू नये. पुढील पाय धट्टेकट्टे असलेला कुत्रा अशा गाड्यासह अंगणाची राखण करतो, भुंकतो आणि परका माणूस ओळखतो. रानात मात्र तो जाऊ शकत नाही.

इतकी निगा करणे घरात शक्य नसेल तर तसे पशुवैद्यकास स्पष्ट सांगावे आणि पुढचा निर्णय त्यांच्याशी बोलून घ्यावा. लुळ्या कुत्र्यास गाडीत घालून गावाबाहेर किंवा दुसऱ्या तालुक्यात सोडून येऊ नये. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार तो गुन्हा आहे, आणि न चालणारे जनावर तेथे दोन दिवसही जगत नाही.